मदत हवी आहे: मफलरवर हनुकाचे दिवे विणायचेत

मैत्रिणींनो, मी ठाण्याची, बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. डिसेंबर आला की आमच्या विणकामाच्या ग्रुपमधल्या सगळ्या मला प्रेमाने 'मेरी ख्रिसमस, तुमचा सण ना' म्हणतात, आता दरवर्षी काय सांगत बसायचं की बाई तो आमचा नाही, मग मीपण थँक्यू म्हणते आणि केक खाते 😄 आमचा हनुका, किस्लेव या हिब्रू महिन्याच्या 25 तारखेपासून आठ दिवस, आणि 2024 ला तो नेमका ख्रिसमसच्याच संध्याकाळी सुरू झाला, मग काय, बोलायलाच नको!

तर यंदा मीच सगळ्यांना मफलर देणारे (ठाण्यात मफलर कोण घालणार ते विचारू नका). त्यावर हनुकिया, म्हणजे आठ दिवे आणि मधे उंच शमाश (ज्याने बाकीचे दिवे लावतात तो), एक टाका दिवा एक टाका मोकळा असे 17 टाके. पण निळ्यावर पिवळा धागा मागून ओढला जातो आणि चुण्या पडतात. धागा सैल सोडू, की साधं सुलट विणून दिवे नंतर सुईने भरू? आणि एक आईसाठी आहे, त्यामुळे लोकर-लिनन मिक्स सुचवू नका, आमच्यात ते अंगावर चालत नाही.

शिवाय सोबतच्या चिठ्ठीत नुसतं 'हाग सामेआख' लिहिलं तर कुणाला कळेल का, की खाली मराठीत 'सणाच्या शुभेच्छा' पण टाकू?