मदत हवी आहे: अॅथलेटिक ट्रेनिंगच्या मास्टर्ससाठी तास कुठून आणू?

मंडळी, बेळगावातून बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झालंय, इंटर्नशिपही संपली. आता अमेरिकेत अॅथलेटिक ट्रेनिंगचं मास्टर्स करायचंय. (जिम ट्रेनर नव्हे, खेळाडूंच्या दुखापती बघणारा; घरी हे सांगून सांगून दमलोय.) पुढे बीओसीची (तिथल्या अॅथलेटिक ट्रेनरना सर्टिफिकेट देणारी संस्था) परीक्षा द्यायची असल्याने सीएएटीईची (असे कोर्स तपासणारी संस्था) मान्यता असलेलेच कोर्स बघतोय.

खरी अडचण ऑब्झर्व्हेशनच्या, म्हणजे शेजारी राहून काम बघण्याच्या, तासांची. प्रवेशासाठी बऱ्याच ठिकाणी सर्टिफाइड अॅथलेटिक ट्रेनरच्या हाताखालचे तास मागतात. आपल्याकडे तसा माणूस आणायचा कुठून? मी वर्षभर संध्याकाळी गावच्या तालमीत जातोय. निखळलेला खांदा, सुजून फुगलेले कान, मुरगळलेली बोटं, सगळं बघतो, टेपिंग करतो. तारीखवार वही आहे, पण तिच्यावर सही आहे ती फिजिओ सरांची.

दुसरं, फिजिक्स. प्रवेशासाठी तेही झालेलं लागतं. बीपीटीत अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, सायकॉलॉजी झालं, पण फिजिक्स हा स्वतंत्र विषय पीयूसीलाच (अकरावी-बारावी) होता.

दोन कोर्सना मेल केला. एकाचं उत्तर, 'अर्ज आल्यावर बघू'. दुसरीकडून काहीच नाही. अर्जाची फी डॉलरमध्ये, त्यामुळे अंदाजाने दहा ठिकाणी टाकणं परवडत नाही. एजंट सुचवू नका, एक करून झालाय. तो मला एमबीएला पाठवत होता.

बीपीटी करून याच कोर्सला गेलेलं कुणी आहे का? फिजिओच्या सहीचे तास चालले, की तिथल्या ट्रेनरकडे ऑनलाइन करून घेतले? आणि फिजिक्स पुन्हा द्यावं लागलं का?