अमेरिकेतील प्रोटेस्टंट चर्चचा गर्भपातविरोध नेमका कधीपासूनचा?

मुक्ता_व :
जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डॉब्ज खटल्यात गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचते आहे. ख्रिस्ती धर्म पहिल्यापासून गर्भपाताच्या विरोधात उभा होता आणि रिपब्लिकन पक्ष हा त्या विरोधाचा स्वाभाविक आधार होता, असे बहुतेक लेखांत गृहीत धरलेले असते. पण १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना गर्भपाताचे निर्बंध सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली ती रोनाल्ड रेगन यांनी, आणि हा हक्क मुळात ज्याने दिला त्या १९७३ च्या रो खटल्याचे निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन हे रिपब्लिकन अध्यक्ष निक्सन यांनी नेमलेले, मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे गृहस्थ होते. मग आजची विभागणी झाली कधी, आणि ती धर्माने घडवली की राजकारणाने?

कृष्णाकाठ :
आपली शंका रास्त आहे. ‘ख्रिस्ती’ असा एकच गट धरला की हा इतिहास समजत नाही, म्हणून आधी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वेगळे करावे लागतात. कॅथलिक चर्चचा विरोध खरोखरच जुना आहे. रो निकालापूर्वीची चळवळ प्रामुख्याने कॅथलिकांची होती आणि त्यांतील पुष्कळजण डेमोक्रॅटिक पक्षाचे परंपरागत मतदार होते. निकालानंतर, १९७५ मध्ये, कॅथलिक बिशपांनी देशभर संघटन उभारण्याची सविस्तर योजनाही मांडली.

प्रोटेस्टंटांची गोष्ट अगदी निराळी आहे. त्यांच्यातील सर्वांत मोठा संघ म्हणजे सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन. या संघाने १९७१ मध्ये सेंट लुईस येथील अधिवेशनात ठराव केला, तो बलात्कार, निकटच्या नात्यातील संबंध, गर्भातील गंभीर व्यंग, तसेच आईच्या शारीरिक, मानसिक किंवा भावनिक आरोग्याला धोका असेल तेव्हा गर्भपाताची मुभा देणारे कायदे व्हावेत, असा. रो निकालानंतरही, १९७४ मध्ये, हीच भूमिका त्यांनी पुन्हा मान्य केली. न्यूयॉर्कमध्ये तर १९६७ पासून हॉवर्ड मूडी या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने पाद्री आणि ज्यू धर्मगुरू अडचणीतल्या स्त्रियांना सुरक्षित डॉक्टरांपर्यंत पोहोचवत होते. आणि १९८० मध्ये त्याच कन्व्हेन्शनने, आईचा जीव वाचवण्याचा अपवाद सोडून, गर्भपातावर बंदी घालणाऱ्या घटनादुरुस्तीची मागणी केली!

मधल्या काळात काय झाले? इतिहासकार रँडल बाल्मर यांच्या मते ठिणगी पडली ती वंशभेदाच्या प्रश्नावर. वर्णभेद पाळणाऱ्या ख्रिस्ती शिक्षणसंस्थांची करसवलत सरकारने काढून घेतली, बॉब जोन्स हे ख्रिस्ती विद्यापीठही त्यात सापडले, आणि त्या संतापातून पॉल वायरिक यांच्यासारख्या पुराणमतवादी संघटकांनी इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलनिष्ठ व धर्मप्रसारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या, नेत्यांना राजकारणात ओढले. बॅप्टिस्ट धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांची ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना १९७९ ची आहे. सामान्य मतदारासमोर करसवलतीचा प्रश्न उघडपणे नेता येण्यासारखा नव्हता. गर्भपाताचा नेता येत होता. मला हे विवेचन पटते.

शिरीष_ना :
बाल्मर यांचे विवेचन नेत्यांच्या हिशेबाबद्दल बरेच सांगते, पण अनुयायांच्या श्रद्धेबद्दल फार थोडे, आणि माझा आक्षेप तेथेच आहे. रो निकालानंतर गर्भपातांची संख्या वाढताना पाहून अनेक प्रोटेस्टंट मनापासून अस्वस्थ झाले होते. धर्मचिंतक फ्रान्सिस शेफर आणि बालशल्यचिकित्सक सी. एव्हरेट कूप यांनी १९७९ मध्ये याच विषयावर चित्रपटमालिका करून ती गावोगावी दाखवली. विश्वास उशिरा आला म्हणून तो खोटा ठरत नाही. राजकारणाने एक गोष्ट मात्र निश्चित केली, ती म्हणजे मधली जागा बुजवली. पेन्सिल्व्हेनियाचे गव्हर्नर बॉब केसी हे कॅथलिक, डेमोक्रॅट आणि गर्भपातविरोधी. १९९२ च्या पक्ष-अधिवेशनात त्यांना भाषणाची संधी मिळाली नाही. आपल्या मतांमुळेच ती नाकारली गेली असे ते म्हणत, तर पक्षाने वेगळे कारण दिले. कारण काहीही असो, गरिबांसाठी सरकारी मदत मागणारा आणि तरीही गर्भपाताला विरोध करणारा ख्रिस्ती मतदार तेव्हापासून बेघर होत गेला, आणि याचे मला खरोखर वाईट वाटते.

मुक्ता_व :
आपण दोघांनीही फार नेमके लिहिले आहे. शिरीषजी, श्रद्धा खरी असते हे मान्य. पण मग ऑगस्ट २०२२ मधील कॅन्सासचा कौल कसा समजून घ्यायचा? राज्यघटनेतून गर्भपाताचे संरक्षण काढण्याचा प्रस्ताव तेथे सुमारे ५९ टक्के मतदारांनी फेटाळला, आणि ते राज्य तर धार्मिक व रिपब्लिकन वळणाचे आहे.

कृष्णाकाठ :
चर्चला जाणारे सगळेच चर्चच्या नेत्यांप्रमाणे मत देत नाहीत, हे त्यातून दिसते. कृष्णवर्णीय प्रोटेस्टंट अत्यंत धर्मनिष्ठ आहेत, तरीही त्यांच्यातील बहुसंख्यांना गर्भपात कायदेशीर राहावा असे वाटते.

आता तर पक्ष आणि पंथ यांच्यातही अंतर पडू लागले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगशाळेत गोठवलेले भ्रूणही कायद्याच्या दृष्टीने मुलेच आहेत असा निर्णय दिला, आणि वंध्यत्वावर उपचार करणारी केंद्रे काम थांबवू लागली. तेथील रिपब्लिकन विधिमंडळाने काही आठवड्यांतच त्या केंद्रांना संरक्षण देणारा कायदा केला. जूनमध्ये मात्र सदर्न बॅप्टिस्टांनी इंडियानापोलिस येथील अधिवेशनात प्रयोगशाळेत भ्रूण तयार करण्याच्या या उपचारपद्धतीबद्दलच (आयव्हीएफ) गंभीर चिंता व्यक्त करणारा ठराव संमत केला.