स्टॉर्म चेसर्सना गिधाडं म्हणणाऱ्यांसाठी

कॅन्ससवाला
परवा इथे एकीने लिहिलं होतं: "स्टॉर्म चेसर म्हणजे कॅमेरे घेऊन फिरणारी गिधाडं. डॉप्लर रडार आहे, उपग्रह आहेत, यांची गरजच काय? वादळाच्या दिवशी यांना रस्त्यावर बंदी घाला." दोन दिवस ते डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय. स्टॉर्म चेसर म्हणजे अमेरिकेत टोर्नेडोच्या, म्हणजे ढगातून जमिनीला टेकणाऱ्या वाऱ्याच्या भोवऱ्याच्या, मागे गाडी घेऊन जाणारे लोक.

मी अकरा वर्षं स्कायवॉर्नचा स्पॉटर आहे, म्हणजे वादळ डोळ्यांनी बघून हवामान कार्यालयाला कळवणारा स्वयंसेवक. आधी रडारचं बघू. रडारचा किरण जवळजवळ सरळ जातो आणि पृथ्वी मात्र गोल आहे. त्यामुळे सगळ्यात खालचा, अर्ध्या अंशाचा झोतसुद्धा शंभर किलोमीटरवर पोचेपर्यंत जमिनीपासून दीडेक किलोमीटर वर गेलेला असतो. सुपरसेल, म्हणजे फिरणारं मोठं गडगडाटी वादळ, फिरतंय हे त्याला कळतं. पण भोवरा जमिनीला टेकला का, हे कळत नाही. उडालेला मलबा रडारवर दिसतो, कबूल. पण तो दिसतो तेव्हा कुणाचं तरी छप्पर आधीच उडालेलं असतं.

एका मे महिन्यात मी गव्हाच्या शेताशेजारच्या कच्च्या रस्त्यावर उभा होतो. वारा पाठीमागून वादळाच्या दिशेने ओढला जात होता, गरम आणि दमट. सगळ्या ओंब्या तिकडेच वाकलेल्या. मग एकाएकी वाऱ्याने दिशा बदलली, थंडगार झोत अंगावर आला आणि वॉल क्लाउडच्या, म्हणजे वादळाच्या तळाखाली लोंबणाऱ्या ढगाच्या, मागे उजेडाची खाच पडली. वरून सोंड अजून उतरली नव्हती, पण खाली शेतात धूळ गोल फिरत वर चढायला लागली होती. टोर्नेडो टेकला होता. मी हवामान कार्यालयाला फोन केला. आधीच्या इशाऱ्यात "रडारवर फिरणं दिसतंय" असं होतं, पुढच्यात "स्पॉटरने प्रत्यक्ष पाहिला" असं आलं. हा फरक माणसाला तळघरात नेतो. २२ मे २०११ ला मिझुरीतल्या जॉप्लिन शहरात टोर्नेडोच्या इशाऱ्याचे भोंगे वाजले, तरी कितीतरी लोक आणखी खात्री करत थांबले. १५८ माणसं गेली.

आणि रडारवर टोर्नेडोची खूण ओळखायला तरी कोणी शिकवलं? २४ मे १९७३ ला ओक्लाहोमातल्या युनियन सिटीला पाठलाग करणाऱ्या शास्त्रज्ञांनी टोर्नेडो सुरुवातीपासून शेवटापर्यंत टिपला. ते चित्रण आणि वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या डॉप्लर रडारच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तेव्हा ती खूण सापडली.

दोनपदरी
ती पोस्ट माझी. अकरा वर्षांच्या स्पॉटरबद्दल मी एक शब्द बोलले नव्हते, पण तुम्ही अंगावर ओढून घेतलंय तर बोलते.

ओक्लाहोमातल्या किंगफिशर गावाच्या पुढे दोनपदरी रस्ता आहे. मी मुलीला घेऊन घरी निघाले होते, डावीकडे आकाश हिरवट काळं झालेलं. एका चढावर पोचले आणि पुढे दोन्ही कडांना गाड्याच गाड्या. किती होत्या मोजल्या नाहीत, पण संपेचनात. ट्रायपॉड डांबरावर. एकाने न बघता दार उघडलं आणि मी करकचून ब्रेक मारला. हॉर्न दिला तर तो हात वर करून म्हणतो, थांबा, लाइव्ह चालू आहे. माझी मुलगी मागे रडत होती आणि गारा पडायला सुरुवात झाली होती. त्या माणसाने हवामान कार्यालयाला फोन केला असेल असं मला वाटत नाही.

आणि अनुभवाचं सांगू नका. ३१ मे २०१३, ओक्लाहोमातलं एल रीनो. टोर्नेडोचे संशोधक टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग, तिघे एकाच गाडीत टोर्नेडोत सापडून मेले. समारसांपेक्षा जाणता माणूस कोण होता? तो भोवरा बघता बघता २.६ मैल रुंद झाला आणि वळला. त्यांना निसटता आलं नाही, तर या लाइव्हवाल्या पोराला काय येणार?

कॅन्ससवाला
समारसांचं नाव घेतलंत, तर त्यांनी काय केलं तेही घ्या. २४ जून २००३, साउथ डकोटातलं मँचेस्टर. टोर्नेडोच्या वाटेत त्यांनी शंकूसारखं यंत्र ठेवलं आणि पळाले. भोवरा यंत्रावरून गेला, हवेचा दाब १०० मिलिबारने घसरल्याची नोंद झाली. जमिनीच्या इतक्या जवळ काय होतं हे कळल्याशिवाय घरं कशी बांधायची हे कोण ठरवणार?

आणि एल रीनोच्या संध्याकाळी महामार्ग तुंबले ते चेसर्समुळे नाही. टीव्हीवर एकाने सांगितलं, गाडी काढा आणि दक्षिणेला जा. हजारो सामान्य माणसं निघाली.

दोनपदरी
माहीत आहे मला. त्यातली एक गाडी आमची होती. नवऱ्याने टीव्ही ऐकूनच बाहेर काढली. तेवढं तुमचं बरोबर. पुढचं नाही.

शब्दाचा आग्रही
मुद्द्याचं चालू द्या, पण कृपा करून याला चक्रीवादळ म्हणू नका. मराठी बातम्यांत टोर्नेडोला सर्रास चक्रीवादळ छापतात. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरतं, दिवसेंदिवस चालतं. टोर्नेडो बहुतेक वेळा काही मिनिटांत संपतो. घरचे बातमी वाचतात आणि मी दोन राज्यं पलीकडे असताना रात्री घाबरून फोन करतात.

टर्नपाइक
व्हिडिओ निघालेच आहेत तर एक बोलतो, कारण चेसिंगच्या चित्रणाने सगळ्यात जास्त नुकसान इथे केलंय. २६ एप्रिल १९९१, कॅन्सस टर्नपाइक हा टोलचा महामार्ग, एल डोराडोजवळ. टीव्हीचं पथक आणि काही प्रवासी पुलाखाली गर्डरला चिकटून बसले आणि वाचले. ते चित्रण जगभर फिरलं. तो भोवरा तिथे कमजोर होता आणि पुलावरून थेट गेलाही नाही, हे कुणी सांगितलं नाही. लोकांनी धडा घेतला: टोर्नेडो आला की पुलाखाली शिरा. ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात तीन पुलांखाली प्रत्येकी एक माणूस मेला, आणि जे वाचले त्यांच्यातल्या कितीतरींना भयंकर जखमा झाल्या. उतारावर जितके वर चढाल तितका वारा जास्त आणि उडणारं पत्र्या-लाकडांचं सामान सरळ अंगावर.

गारपीट_२
सरसकट बोलू नका. मी पुलाखाली थांबलोय आणि त्यामुळेच वाचलोय. लिंबाएवढ्या गारा, पुढच्या काचेला जाळं पडलेलं, मागे दोन वर्षांचा मुलगा. काय करायला हवं होतं मी?

टर्नपाइक
तुमच्या मागे कोण होतं ते पाहिलंत? मी अशाच एका रांगेत होतो. पुढच्यांनी पुलाखाली दोन्ही लेन अडवल्या आणि आम्ही मागचे सगळे उघड्यावर गारा खात बसलो. पाठोपाठ टोर्नेडो असता तर ती अख्खी रांग त्याच्या तोंडात होती. गारांनी काच फुटते. अडकलेल्या रांगेत माणसं मरतात.

गारपीट_२
म्हणजे मी माझ्या मुलाला गारांत ठेवायचं, कारण तुम्हाला घरी जायची घाई? बाप आहात का तुम्ही?

टर्नपाइक
दोन मुलांचा बाप आहे, आणि दोघंही त्या रांगेत माझ्या गाडीत होती. धाकटीच्या केसांतून काचेचे तुकडे मी वेचलेत. मला बाप असणं शिकवू नका. पुढच्या एक्झिटला उतरून पक्क्या इमारतीत शिरायचं. तेही जमलं नाही तर पट्टा बांधून डोकं काचेच्या खाली न्यायचं.

कॅन्ससवाला
दोघांनीही जरा दमाने घ्या. टर्नपाइकचं पुलाबद्दल बरोबर आहे. पण ते चित्रण टीव्हीच्या पथकाचं होतं, चेसर्सचं नव्हे. तो दोष आमच्या माथी मारू नका.

दोनपदरी
कॅमेरा खांद्यावर कुणाच्या होता यावरून मेलेल्यांना फरक पडत नाही.

रस्त्यांवरच या. मार्च २०१७, टेक्ससमधलं स्पर. पाठलागातल्या दोन गाड्या चौकात आदळल्या. एकीने स्टॉपची पाटी ओलांडली होती. तीन माणसं गेली. एप्रिल २०२२ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाची तीन हवामानशास्त्राची मुलं पाठलागाहून रात्री परतताना ओल्या इंटरस्टेट महामार्गावर अपघातात मेली. यातलं कुणीही टोर्नेडोने मेलं नाही. सगळे रस्त्यावर मेले. तुमच्या रडारच्या किरणाचं याला उत्तर नाही.

कॅन्ससवाला
नाही. याला उत्तर नाही माझ्याकडे. त्या मुलांची बातमी आली तेव्हा मी दोन आठवडे गाडी काढली नव्हती. आता अंधार पडला की पाठलाग थांबवतो आणि कुणी बरोबर असेल तरच जातो. रस्त्यावर थांबणाऱ्यांना जबर दंड करा, मी पहिला सही देईन. पण बंदी नको. स्पॉटरांत शेतकरी आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, अग्निशमनवाले आहेत. शिपाई रस्त्यात उभा राहून कुणाला चेसर ठरवणार आणि कुणाला घरी निघालेला?

दोनपदरी
ट्रायपॉड डांबरावर असला की चेसर. यात अवघड काय आहे?

गिधाडं हा शब्द तुमच्यापुरता मागे घेते. त्या दार उघडणाऱ्यासाठी नाही. आणि बंदीचं जे म्हणाले ते तसंच राहू दे.

गारपीट_२
टर्नपाइक, तुमच्या मुलीबद्दल वाचलं. वाईट वाटलं. पण मी पुलाखाली शोल्डरवर, रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर, थांबलो होतो, दोन्ही लेन मोकळ्या होत्या. हे तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहिलं.