मंडईत इटालियन ऑपेरा, तोही उभ्याउभ्या गाऊन: करावा की नाही?

वैनगंगाकाठ
आमच्या तालुक्यातल्या ऑर्केस्ट्रात मी ऑर्गन वाजवतो. लग्न, गणपती, देवी, आणि दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागला की कधी या कंपनीत, कधी त्या. यंदा गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, 'काव्हालेरिया रुस्तिकाना' करायचं आम्ही ठरवलंय. पिएत्रो मास्काग्नीचा एका अंकाचा इटालियन ऑपेरा, म्हणजे गाऊनच सांगितलेलं नाटक, 1890 साली रोममध्ये पहिल्यांदा झाला. करणार कॉन्सर्ट पद्धतीने, म्हणजे सीन-सीनरी नाही, पोशाख नाही, चालणं-फिरणं नाही. वादक मंचावर, गायक त्यांच्या पुढे उभे आणि स्टँडवर वही.

गावात यावरून दोन तट पडलेत. माझं मत आधीच सांगतो, हे करायलाच पाहिजे. ही राजवाड्यातली गोष्ट नाही, खेड्यातली आहे. सिसिलीतलं एक गाव, ईस्टरचा दिवस. तुरिद्दू फौजेतून परत येतो तर त्याची लोला गाडीवान अल्फिओच्या घरी नांदतेय. मग तो सांतुझाला नादी लावतो, आणि लोलाने खुणावलं की पुन्हा तिच्याकडे. सांतुझा भरल्या गावात एकटी पडते, चर्चची पायरीही तिला बंद. शेवटी ती अल्फिओला सगळं सांगून बसते आणि सणाच्या दिवशी गावात मुडदा पडतो. यातलं कोणतं माणूस आपल्याकडे नाही?

तालमी राइस मिलच्या गोदामात चालतात. तिथले हमाल काम आटोपलं की पोत्यांवर बसून ऐकतात. त्यांना आम्ही गोष्ट सांगितलेली नव्हती. तीन रात्री ऐकल्यावर एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "मंग त्या पोरीले घरात घेतलं का नाही जी?"

पडदावाला
बावीस वर्ष झाले, मी नाटकाचे पडदे ओढून रायलो. ऑर्गनवाले भाऊ, तुमच्या हाताले मी मानतो, पण हे पटलं नाही.

आपला माणूस नाटक *पाहाले* येते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तणीस टाकून, लेकरं घोंगड्यात गुंडाळून दहा-बारा गावचे लोक येतात. थंडीत रातभर बसतात. त्याईच्या पुढे तुमी वही घेऊन उभे रायणार? वहीत पाहून बोलणारा नट आपल्याकडे दुसऱ्या साली कोणी बोलवत नाही. पाठ नाही म्हणजे त्याले कामाची कदर नाही, असाच अर्थ घेतात लोक. आणि खून हाये म्हणता, तर तो दाखवणार कसा? दोघं गडी शेजारी शेजारी उभे राहून?

दुसरी गोष्ट. हा खेळ किती वेळचा? तास-सव्वा तास. दहाले सुरू झाला तर सव्वा अकराले खलास. मंग त्या ट्रॉल्या कुठं जातील? पहाटेपर्यंत नाटक चालते ते काही फक्त हौसेनं नाही. बाया-लेकरं घेऊन रातच्याला जंगलाच्या रस्त्यानं कोणी निघत नाही.

क्लॅरोनेटवाला
पडदावाले दादा, खुनाचं उत्तर देतो. मूळ ऑपेरातही खून मंचावर होत नाही. तुरिद्दू अल्फिओचा कान चावतो, ती तिकडची द्वंद्वाला हो म्हणायची रीत. मग तो आईचा निरोप घेतो, मी आलो नाही तर सांतुझाला लेक म्हणून सांभाळ म्हणतो, आणि निघून जातो. थोड्या वेळाने एक बाई बाहेरून ओरडते, तुरिद्दूला मारलं. ती ओळ गायची नाही, नुसती किंकाळी. आमची ती बाई आम्ही प्रेक्षकांच्या मागे, पार चहाच्या दुकानापाशी उभी करणार आहोत. सीनरी असती तर हे सुचलंही नसतं.

सुरुवातही तशीच. तुरिद्दूचं पहिलं गाणं पडद्याआडून येतं, माणूस दिसतच नाही. आणि इंटरमेझो, म्हणजे मधलं नुसत्या वाद्यांचं संगीत, वाजतं तेव्हा सगळं गाव चर्चमध्ये गेलेलं, मंच रिकामा. हा ऑपेरा बराचसा कानांनीच पाहायचा आहे.

धानपट्टा
माझा विरोध वहीला नाही, निवडीला आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' 1880 सालचं, म्हणजे तुमच्या मास्काग्नीच्या दहा वर्षं आधीचं. गाण्यातून गोष्ट सांगणं आपल्याला कोणी बाहेरून येऊन शिकवायला नको. त्याहून जवळचं बोला. झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, दंडार आहे, खडी गंमत आहे, ही आपली लोकनाट्यं. माझ्या आजोबांच्या दंडारीत अकरा जण नाचायचे, आता त्या गावात ढोलकी धरणारा एक म्हातारा उरलाय. त्याच्या हातचे बोल कोणी लिहून घेतलेत? 2023 साली झाडीपट्टी रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण फटाके फोडले. वाटलं होतं, आता आपल्या माणसांकडे आपलीच माणसं बघतील. आणि आपल्या हाती चांगले वादक, चांगले गळे आल्यावर आपण काय उचललं? सिसिली.

मंडईची वर्गणी घराघरातून येते. धान विकून माणूस शंभर-दोनशे देतो. त्या पैशावर पहिला हक्क कोणाचा, एवढंच मला विचारायचंय.

मोहफूल
मी शिक्षिका आहे आणि या कार्यक्रमात कोरसमध्ये गाते. धानपट्टा दादांचा प्रश्न मलाही पडला होता, तो खोटा नाही. पण तालमीत एक गोष्ट कळली ती सांगते.

क्लॅरोनेटवाल्या भाऊंनी सांगितलेलं ते पडद्याआडचं पहिलं गाणं प्रमाण इटालियनमध्ये नाहीच. ते सिसिलीच्या बोलीत आहे. बाकी सगळा ऑपेरा इटालियनमध्ये, आणि प्रेमाचं पहिलं गाणं गावच्या बोलीत! हे कळलं तेव्हा मी वही मिटून बसले. शाळेत आमच्या पोरांनी 'काऊन' म्हटलं की आम्ही 'का' म्हणायला लावतो. त्या दिवसापासून माझ्याच्याने ते होत नाही.

म्हणून माझं म्हणणं, ते गाणं झाडीबोलीत गावं. परवानगीचाही प्रश्न नाही. मास्काग्नी 1945 साली गेला. आपल्या कायद्याने मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, आणि शब्द लिहिणारे दोघं तर त्याच्याही आधी गेले.

धानपट्टा
मोहफूल ताई, हे तुम्ही चांगलं सांगितलं, मला माहीत नव्हतं. पण बोलीत गायचं म्हणजे सोपं नाही. त्या भाषेत जवळजवळ प्रत्येक शब्द स्वरावर संपतो, म्हणून लांब सूर धरता येतो. आपल्याकडे 'चांदन', 'पदर', 'सपन' असले शब्द बोलताना शेवटी तोंड मिटतं. वरच्या सुरावर 'पदर' धरायला गेलात तर 'र' घशात अडकेल. 'माया', 'वारा', 'डोरा' (डोळा) असे शब्द निवडावे लागतील. हे बसून करणारं कोणी आहे का? असेल तर मी येतो. विरोध कायम ठेवून येतो.

वैनगंगाकाठ
याच, धानपट्टा दादा. 'डोरा' हा शब्द मी आजच वहीत लिहून ठेवला.

वर्गणीबद्दल स्पष्ट सांगतो, एक रुपयाही त्यातून घेत नाही. वादक आणि गायक सगळे बिनपैशाने आहेत. माइक आणि मंडप त्या रात्रीच्या नाटकासाठी असतोच.

जे जमणार नाही तेही लपवत नाही. मुळात चार हॉर्न, दोन हार्प, तारवाद्यांचा मोठा ताफा. आमच्याकडे दोन क्लॅरोनेट, एक ट्रम्पेट, एक युफोनियम, तीन व्हायोलिन आणि माझा ऑर्गन. बरं, ऑर्गन मुळातही आहे. ईस्टरच्या प्रार्थनेत चर्चच्या आतून तो वाजतो, इंटरमेझोतही आहे. ती पानं वाजवताना मला पहिल्यांदा वाटलं की मी कोणाच्या जागी बसलेलो नाही. बाकी हॉर्नचं काम युफोनियमवर टाकलंय, हार्पचं डाव्या हाताने भागवतो. थंडीत रात्री क्लॅरोनेटचा सूर उतरतो, ऑर्गनचा तर हलत नाही, म्हणून सुरुवातीआधी पंधरा मिनिटं क्लॅरोनेटवाले शेकोटीजवळ फुंकत बसणार. सांतुझाच्या काही जागा स्वर खाली आणूनच गाव्या लागतील. आमच्या गायिकेचा गळा नाटकात कमावलेला, शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, पण तेवढा वर जात नाही. कोणाला हे चूक वाटत असेल तर त्याचं बरोबरच आहे. मी तरी करणार.

आता पडदावाले दादांच्या ट्रॉल्या. हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता आणि सगळ्यात पक्का तोच आहे. यावर एक तोड सुचली. हा ऑपेरा छोटा, म्हणून तिकडेही तो बहुतेक एकटा करत नाहीत. 1892 सालचा 'पाल्याच्ची' नावाचा दुसरा छोटा ऑपेरा त्याला जोडतात आणि एका रात्रीत दोन्ही होतात. आपण त्याला आपलं नाटक जोडू. नवाला ऑपेरा, सव्वा दहापर्यंत संपवायचा, मग चहा, आणि साडेदहाला नेहमीचं नाटक पहाटेपर्यंत. ऑर्केस्ट्रा दोन्हीला तोच.

पडदावाला
हे जमते. नवाले लोक येत नाहीत, जेवणं व्हायची असतात, पण साडेनवाले अर्धं मैदान भरते. कंपनीवाल्याईले मी विचारतो. त्याईचा मेकअप तेव्हाच चालू असते, मंच रिकामाच रायते.

पण वहीचं मी सोडत नाही, भाऊ. तिकडे वही चालत असेल तर चालो. कोरसनं ठेवावी, वादकाईनं ठेवावी, तो त्याईचा हक्क हाये. त्या पोरीनं नाही. सांतुझा जेव्हा त्या गाडीवानाले सांगते तेव्हा तिच्या हातात कागद नसला पायजे. तिले अजून किती दिवस हायेत तालमीले?

मोहफूल
पाच आठवडे. ती माझ्या शेजारीच राहते. सकाळी सडा टाकताना तेच म्हणत असते, निम्मं पाठ झालंय. आज सांगते तिला.