चौथीला 'द वन अँड ओन्ली इव्हान' वाचून दाखवायचंय, कसं बसवावं?

खडूचं बोट: नमस्कार. नाशिकची सेमी-इंग्रजी शाळा, चौथीचा वर्ग, पट ४२. आठवड्याला ३५ मिनिटांच्या दोन तासिका अवांतर वाचनाला मिळतात. पुस्तक म्हणजे मॉलमध्ये कोंडून ठेवलेल्या गोरिलाची इंग्रजी गोष्ट, प्रती ६च आहेत. दिवाळीनंतर सुरू करून नाताळापर्यंत संपवायचा विचार आहे. इंग्रजी झेपेल का? हत्तीण मरते तो भाग कसा घ्यावा? शिवाय दोन-तीन मुलांच्या घरी पिंजऱ्यात पोपट आहे, तो विषय निघणारच.

पाटीवरची रेघ: इंग्रजीची फार काळजी नको. गोष्ट इव्हान गोरिला स्वतः सांगतो, वाक्यं तुटक आहेत आणि काही प्रकरणं तर अर्ध्या पानाचीही नाहीत. मात्र वाक्यावाक्याला मराठी करत बसू नका. मुलं मराठीची वाट बघतात आणि इंग्रजी ऐकणंच सोडून देतात. २० मिनिटं सलग वाचा, फळ्यावर तीनच शब्द आधी लिहून ठेवा. तरीही १२ तासिकांत पुस्तक पुरं होणार नाही. मधली काही प्रकरणं मराठीत सांगून पुढे जा, नाहीतर सरळ जानेवारी धरा.

'डोमेन'चा अर्थ 'पिंजरा' असा मुळीच सांगू नका. 'हद्द' किंवा 'माझा इलाका' म्हणा. इव्हान आपल्या काचेच्या खोलीला 'डोमेन' म्हणतो, पिंजरा म्हणायचं टाळतो, आणि ज्या दिवशी त्याच्या तोंडून 'केज' (पिंजरा) निघतं तिथे गोष्ट वळते. अर्थ आधीच फोडला तर ते वळण मुलांच्या हाताला लागणार नाही. 'मी-बॉल' म्हणजे त्याने विष्ठेचा वाळवून केलेला, बघ्यांवर फेकायचा गोळा. वर्ग दोन मिनिटं खिदळणार, खिदळू द्या.

सुरुवातीच्या शब्दसूचीत ९,८५५ दिवस म्हणजे २७ वर्षं असं येतं. ३६५ ने भागायला द्या, बाकी शून्य येते. मग विचारा, लीप वर्षांचे दिवस कुठे गेले? २७ वर्षांत ते ६ किंवा ७ असतात.

वाचनकट्टा: स्टेला हत्तिणीचं मरण शुक्रवारी किंवा शेवटच्या तासिकेला घेऊ नका. मुलं तसंच मनात घेऊन घरी जातात. पहिल्या सत्रात वाचा आणि नंतर पाच मिनिटं काही न बोलता चित्र काढायला द्या. चर्चा दुसऱ्या दिवशी. तिच्या पायाची जुनी जखम चिघळते आणि मालक मॅक डॉक्टर बोलवायला चालढकल करतो. "डॉक्टर का नाही बोलावला?" हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, तुम्ही उत्तर देऊ नका. पैसे, तिकिटं, गिऱ्हाईक, सगळं मुलंच काढतात. मॅकला नुसता दुष्ट ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण त्याने लहानग्या इव्हानला घरात वाढवलं होतं तेही आठवून द्या.

इव्हानच्या आई-वडिलांची शिकार आणि गोरिलाच्या हाताचा ॲशट्रे हा भाग आधी स्वतः वाचा. चौथीला दोन वाक्यांत सांगितला तरी पुरतो. रूबी या हत्तीच्या पिल्लावर अंकुश उगारला जातो ते मात्र वगळू नका, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

खऱ्या इव्हानची माहिती शेवटी द्या. अमेरिकेत टाकोमाच्या मॉलमध्ये २७ वर्षं, १९९४ मध्ये अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयात, २०१२ मध्ये मृत्यू. आधी सांगितलं तर उत्कंठा संपते.

गोदाकाठ: पोपटाबद्दल. "कुणाकुणाच्या घरी आहे, हात वर करा" हे कधीही नको. आपल्याकडचा हिरवा पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. हात वर केलेलं पोर घरी जाऊन रडतं आणि दुसऱ्या दिवशी पालक दारात. कायदा सगळ्या वर्गाला एकदाच सांगा. लव्हबर्डस् परदेशी, त्यांची गोष्ट वेगळी, हेही सांगा, नाहीतर मुलं गोंधळ करतात.

मोजमाप करून घ्या. पोपट शेपटीसकट साधारण ४० सेंमी. तेवढी कागदी पट्टी कापा आणि ३० सेंमी रुंदीच्या खोक्यात वळवून बघायला सांगा. शेपटी अडते. पिंजऱ्याचा अर्थ मुलांना तिथेच कळतो. एका मुलाला 'प्राणी' करून भोवती बाकीच्यांना उभं करायचं नाटक टाळा. दुसऱ्या मिनिटाला खडू फेकाफेकी सुरू होते, आणि बळी ठरलेलाच असतो.

आणखी एक, "घरी जाऊन दार उघडून टाका" असं चुकूनही सुचवू नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला अन्न शोधता येत नाही, पंख कापलेले असतील तर मांजर टिपतं. पालकांनी वनविभागाच्या १९२६ वर फोन करावा.

खडूचं बोट: आभार. पण निफाड-सिन्नरकडून येणारी मुलं म्हणतील, बिबट्याला वनविभागच पिंजऱ्यात पकडतो की.

गोदाकाठ: म्हणू द्या, वर्गातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच. फळ्यावर दोन रकाने करा, उसातला पिंजरा आणि मॉलमधला. कशासाठी लावला, किती दिवस, बघायला तिकीट आहे का, जनावर पुढे कुठे जातं, एवढं भरून घ्या. चौथीला शेवटचा प्रश्न बिबट्याच्या बाबतीत भरता येणार नाही, कारण कधी सोडतात, कधी निवारा केंद्रात ठेवतात. तो मोकळा राहिला तरी चालेल. एखाद्याच्या घरी हल्ला झालेला असू शकतो, म्हणून "बिबट्या चांगला की वाईट" असा वाद लावू नका.