विद्यापीठाच्या अधिसभेचं (सिनेटचं) थेट प्रक्षेपण व्हावं का?

पदवीधर मतदार: महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार नोंदणीकृत पदवीधर अधिसभेवर 10 सदस्य निवडून देतात. मी त्यांतला एक मतदार. मतदानापुरते फोन येतात. नंतर आमच्या माणसाने तिथे काय विचारलं, कुलगुरूंनी काय उत्तर दिलं, ते पेपरातल्या चार ओळींवरून समजून घ्यायचं. विद्यापीठाचा अर्थसंकल्पही तिथेच मांडला जातो. त्यात मुलांनी भरलेलं परीक्षा शुल्क असतं. बैठक थेट दाखवा आणि तिचं इतिवृत्त, म्हणजे लेखी नोंद, संकेतस्थळावर टाका.

मागचा बाक: माझा विरोध आहे. कॅमेरा लागला की भाषणं लांबणार, आणि अर्थसंकल्पाला संध्याकाळची शेवटची घटका उरणार. शिवाय कॉलेजातला प्राध्यापक सदस्य आजही जपूनच बोलतो. संस्थाचालक घरी बसून बघतोय म्हटल्यावर तो तोंडच उघडणार नाही.

पदवीधर मतदार: अहो, संस्थाचालकांचे प्रतिनिधी त्याच सभागृहात बसलेले असतात! कोण काय बोललं ते त्यांना तिथल्या तिथे कळतं. कळत नाही ते आम्हाला.

टीवायची विद्यार्थिनी: 2017 आठवा. मुंबई विद्यापीठाने संगणकावर उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या, निकाल रखडले, शेवटी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. तोवर कित्येकांचे पुढचे प्रवेश अडकले होते. अशा निर्णयावर आत काय चर्चा होते, ते आम्हाला आधी कळायला नको?

फाईलवाला: इतिवृत्त पुढच्या बैठकीत मंजूर होतं. अधिसभा वर्षातून किमान दोनदा, म्हणजे मध्ये सहा महिनेही जातात. त्याआधी टाकलं तर "मी असं बोललोच नव्हतो" सुरू होतं. हवं असेल त्याने माहिती अधिकारात अर्ज करावा. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर.

पदवीधर मतदार: 'मसुदा' असं लिहून टाका, वाद मिटला. आणि त्याच माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 वाचा. परिषदा, समित्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त पाहता येतं का, हे विद्यापीठाने स्वतःहून जाहीर करायचं असतं. अर्जाची वाट बघायची नसते. विद्यापीठाचा कारभार पाहणाऱ्या व्यवस्थापन परिषदेत एखाद्या कर्मचाऱ्याच्या चौकशीचा विषय असेल तर तो झाका, माझी हरकत नाही.

मागचा बाक: मसुदा टाकायला माझी ना नाही, तो आठवड्याभरात आलाच पाहिजे. प्रक्षेपणाला मात्र विरोध कायम.

टीवायची विद्यार्थिनी: मग निदान प्रश्नोत्तराचा तास तरी दाखवा. प्रश्न आधीच लेखी गेलेले असतात, भाषणाला तिथे जागा नाही.