महाडच्या आपत्ती: निसर्गाच्या किती, आपल्या किती?

गांधारपाले (धागाकर्ता):
महाडवर काही संकट आलं की "महाडच्या नशिबीच आहे" हे वाक्य ठरलेलं. एसटीत ऐका, टीव्हीवर ऐका, आपल्याच ओटीवर ऐका. मला ते अजिबात पटत नाही.

२००५ पासूनच्या पाच घटना घ्या. जुलै २००५ मध्ये एकाच पावसात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी आल्या आणि दोनशेच्या आसपास माणसं गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा १९२८ सालचा सावित्रीवरचा पूल पडला. दोन एसटी, एक तवेरा, चाळीसएक जीव. २४ ऑगस्ट २०२० ला काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत बसली, १६ मृत्यू. २२ जुलै २०२१ ला अख्खं शहर पाण्यात, आणि त्याच दिवशी वर तळीये गावावर डोंगर आला, ८० हून अधिक माणसं त्याखाली. ३ नोव्हेंबर २०२३ ला एमआयडीसीत एका औषध कारखान्यात स्फोट आणि आग, ११ कामगार गेले.

यातली निव्वळ निसर्गाची एकही नाही, असं माझं म्हणणं आहे. इमारत दहा वर्षांचीसुद्धा नव्हती. पुलाची तपासणी त्याच वर्षी मे महिन्यात झाली होती आणि धोका नाही असा निष्कर्ष निघाला होता, हे सरकारनेच तेव्हा सांगितलं. शेजारी नवा पूल उभा होता, तरी जुन्यावरून एका दिशेची वाहतूक चालू ठेवली. पाऊस दरवेळी होता, पण पाऊस कोकणात कधी नव्हता? नशीब म्हटलं की कोणाच्याच दारात जाब विचारायला जावं लागत नाही, हीच या शब्दाची सोय आहे.

पेठकर:
धागा चांगला, पण पाचही गोष्टी एका माळेत ओवू नका. तारिक गार्डन हा बांधकामाचा गुन्हा आहे, त्याचं कोर्ट वेगळं. स्फोट कारखान्याचा. पण महाडचं रोजचं मरण पूर आहे, आणि तुमच्या पाचात त्याला अर्धं वाक्य मिळालं.

आमची तीन पिढ्यांची पेढी बाजारपेठेत आहे. पूर आम्हाला नवा नाही. पालिकेचा भोंगा झाला की तळातला माल माळ्यावर चढवायचा, पाणी उतरलं की दुसऱ्या दिवशी गाळ उपसायचा, हे लहानपणापासून हाताला सवयीचं आहे. सुकट गल्लीत पाणी आलं म्हणून पूर्वी कोणी घाबरत नव्हतं. २०२१ ला माळाच बुडाला. पाणी पहिल्या मजल्यापर्यंत गेलं, आणि मुख्य म्हणजे उतरेना. पाणी चढतं ते पावसाने, पण तुंबतं ते कशाने? दासगावला कोकण रेल्वेचा भराव आहे, नदीच्या पसरायच्या जागेत. खाली पात्रात गाळ साचून जुटे, म्हणजे बेटं, तयार झालेत, त्यावर झाडंझुडपं वाढलीत. नदीचं तोंडच आवळलंय. जुटे काढा आणि भरावाला पाणी जायला जास्त गाळे, म्हणजे मोकळ्या वाटा, द्या, निम्मा प्रश्न संपतो. बाकी चर्चा पुण्या-मुंबईत बसून होतात.

जांभादगड:
पेठकर काका, तुमचा अनुभव मोलाचा आहे, पण "निम्मा प्रश्न संपतो" याला माझा स्पष्ट विरोध आहे. मी भूगर्भशास्त्र शिकवतो, या खोऱ्यात फिरलोय.

महाड कुठे आहे ते पाहा. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि थेट कड्यावरून खाली येते. शहराला लागून गांधारी येऊन मिळते, खाली दासगावजवळ रायगडच्या बाजूचं पाणी घेऊन काळ नदी मिळते. आणि बाणकोटच्या खाडीतून भरती वर महाडच्या दिशेने चढते. पूर्वी गलबतं इथवर येत होती ती याच भरतीवर. म्हणजे ज्या गोष्टीने महाड बंदर झालं, तीच गोष्ट पुरात आडवी येते. ओहोटीला नदी फुगली तर वाट मिळते. पूर आणि भरती एका वेळी आली की सावित्रीचं पाणी थांबतं, मग गांधारीला आत शिरायला जागा नसते आणि ती शहरात मागे फिरते.

२२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पाऊस झाला. एवढं पाणी काही तासांत घाट उतरून आलं. पात्र खोल केलंत तर लहान पुरांना उपयोग होईल, नाही म्हणत नाही. पण भरतीच्या टापूत पात्र खोल केलं की भरतीलाही तीच वाट जास्त मोकळी होते. शिवाय गाळ येतो कुठून? वरचे डोंगर उघडे पडतायत, रस्त्यांसाठी तासले जातायत. तिथे हात न लावता खाली जेसीबी लावणं म्हणजे गळकं छप्पर तसंच ठेवून घरातलं पाणी पुसत बसणं.

आणि धागाकर्त्यांना: दरडींबाबत तुमचं विधान फार सरसकट आहे. जांभा आणि कुजलेला बसाल्ट, त्यावर मातीचा थर, त्यात दोन-तीन दिवस पाणी मुरलं की उतार सुटतो. जंगल असलेले उतारही सुटलेत. तिथे माणसाचा दोष डोंगर पडण्यात कमी आणि पायथ्याला वाडी तशीच ठेवण्यात जास्त आहे.

गांधारपाले:
जांभादगड, मग आपण वेगळं काय म्हणतोय? २००५ ला जुई गेली. त्यानंतर सोळा वर्षं तालुक्यातल्या बाकीच्या वाड्यांचे उतार कुठे कुठे सुटू शकतात, हे माहीत करून घ्यायला आणि लोकांना हलवायला पुरेशी नव्हती का? दासगावची दरडग्रस्त कुटुंबं वर्षानुवर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. जे वाचले त्यांचीच ही गत, तर ज्यांच्यावर अजून दरड आलेली नाही ते कशाच्या भरवशावर घर सोडतील? तळीयेच्या आधीचं हे आहे, नंतरचं नाही.

आणि पेठकर, एका माळेत का ओवतो ते सांगतो. तळीयेला दरड आली तेव्हा मदत लगेच पोचली नाही, कारण खाली महाड बुडालेलं होतं, रस्ते पाण्याखाली होते. बचाव पथकं दुसऱ्या दिवशी वर गेली. शहराचा पूर आणि डोंगरातली दरड एकाच दिवशी येणार, हे २००५ लाच दिसलं होतं. पथकं, बोटी, यंत्रं पावसाळ्याच्या आधीच तालुक्यात हवीत, ही मागणी तेव्हापासूनची आहे.

बिरवाडीचा:
एमआयडीसीचं नाव आलं म्हणून लिहितोय. बाहेरचे लोक महाडच्या प्रत्येक दुखण्याला रसायन कारखाना जबाबदार धरतात. नदीचं पाणी रंगलं, मासे मेले, तिथे जरूर धरा. आमच्या घरचे जुने लोक खाडीत जाळी टाकायचे, ते काय होतं आणि आता काय राहिलं हे आम्हाला कोणी शिकवायला नको. पण पुराला आणि पुलाला कारखाने जबाबदार नाहीत. कारखाने आले नसते तर या तालुक्यातली निम्मी पोरं आज नालासोपाऱ्यात खोली शोधत असती. माझं घर त्याच पगारावर उभं आहे.

२०२३ च्या स्फोटाबद्दल मात्र धागाकर्त्यांपेक्षा जास्त राग मला आहे. आतल्या माणसाला विचारा, आग लागली की पहिला प्रश्न काय असतो? आत नेमके कोण आहेत. कंत्राटी पोरं आज या प्लांटला, उद्या त्या. गेटवरची नोंद आणि प्लांटमधली माणसं जुळली पाहिजेत, इतकी साधी गोष्ट. त्या वेळी आतल्यांचा शोध काही दिवस चालला होता आणि घरचे लोक बाहेर उभे होते. कारखाने बंद करा म्हणणाऱ्यांशी माझं जमणार नाही. सुरक्षा तपासणीचे कागद गावाला दाखवा म्हणणाऱ्यांसोबत मी पहिला उभा राहीन.

सेतू_७४:
पुलाबद्दल थोडं, कारण माझं आयुष्य पूल तपासण्यात गेलंय. "मे महिन्यात तपासला आणि ऑगस्टमध्ये पडला, म्हणजे तपासणी खोटी" असा सूर इथे दिसतो. इतकं सोपं नाही. दगडी कमानीचा पूल वरून पाहिला तर भक्कम दिसू शकतो. कठड्यावर झाडं उगवलीत, सांधे सुटलेत, हे डोळ्याला दिसतं. पण असे पूल बहुतेक वेळा पायातून जातात. पुराचा जोर खांबाच्या बुडाशी भोवरा करतो आणि पायाखालची माती-दगड ओढून नेतो. पूर ओसरला की तोच खड्डा गाळाने भरतो, मग मे महिन्यात जाणाऱ्या माणसाला काहीच दिसत नाही. त्या इंजिनिअरला गुन्हेगार ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. ज्या पद्धतीने तपासायला सांगितलं, त्या पद्धतीने त्याने तपासलं असेल.

गांधारपाले:
सेतू साहेब, त्या एका माणसाला फासावर द्या असं मी म्हणतच नाही. पण ८८ वर्षांच्या पुलाचा पाया पाण्याखाली जाऊन बघायचा नियम नसेल, तर नियम न करणारा कोणीतरी आहेच ना? आणि पाया दिसत नाही हे माहीत असताना भर पुरात, रात्रीच्या वेळी त्यावरून वाहतूक सोडायची की नाही, हा निर्णय तर पाया न बघताही घेता आला असता. शेजारचा पूल मोकळा होता. पूल पडल्यावर नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि जून २०१७ मध्ये खुला केला. इतक्या वेगाने काम होऊ शकतं, हे महाडकरांनी डोळ्यांनी पाहिलं. म्हणून "व्हायला वेळ लागतो" हे उत्तर आता कोणी देऊ नये.

पोलादपूर_ते_डोंबिवली:
कोणी बोलत नाही ते मी बोलतो. महाड हलवा. निदान जुना सखल भाग तरी. गुजरातमधलं मोरबी बघा. तेही नदीकाठचं उद्योगांचं गाव, घड्याळांचं आणि कौलांचं. ११ ऑगस्ट १९७९ ला मच्छू-२ धरण फुटलं आणि गाव धुऊन गेलं, हजारो गेले. पुन्हा तिथेच उभं राहिलं, आणि ३० ऑक्टोबर २०२२ ला त्याच नदीवरचा झुलता पूल तुटून १३५ माणसं गेली. नदीकाठीच हट्टाने राहायचं आणि मग रडायचं, हे किती पिढ्या?

पेठकर:
दादा, मोरबीचा झुलता पूल नदीने नाही तोडला. त्या दिवशी पूरही नव्हता. दुरुस्तीनंतर उघडलेला पूल होता, माणसं मोजून सोडायला हवी होती. तुमच्याच उदाहरणातून धागाकर्त्यांचं म्हणणं सिद्ध होतंय, गाव हलवायचं नाही.

आणि हलवा कुठे? वर डोंगर सुटतोय, खाली नदी. मधली सपाट जागा होती तिथे एमआयडीसी आणि महामार्ग. डोंबिवलीहून "हलवा" म्हणायला एक ओळ लागते.

चवदारकाठ:
दोन्ही बाजू वाचल्या. एक गोष्ट दोघांकडूनही सुटतेय. महाडचा इतिहास म्हणजे फक्त मृतांची संख्या नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेबांनी हजारो माणसांसह चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं, ते याच गावात. त्यानंतर तळ्याचा खटला मुंबई हायकोर्टात १९३७ पर्यंत चालला आणि निकाल आपल्या बाजूने लागला. म्हणजे पाण्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न या गावाने दहा वर्षं कोर्टात लढवलेला आहे. मग पाण्यापासून संरक्षणाचा हक्क कोणाचा, हे विचारायला आपण का कचरतो?

बाजारपेठेच्या नुकसानीचे आकडे सरकारपर्यंत पोचतात, पोचायलाच हवेत. पण नदीकाठच्या आणि उतारावरच्या वस्त्यांत कोण राहतं ते जाऊन बघा. तिथे कोणी हौसेने घर बांधलेलं नाही, स्वस्त जागा तेवढीच मिळाली. पेठकर काका, माल माळ्यावर चढवायला माळा असावा लागतो.

पेठकर:
चवदारकाठ, हे बरोबर आहे आणि मी ते नाकारत नाही. पण मग माळा नसलेल्यांसाठी तर जुटे आधी निघायला हवेत, कारण तीन फूट पाणी कमी झालं तर माझा माल वाचेल, त्यांचा जीव.

जांभादगड:
तीन फूट हा आकडा कशावरून, काका? तो मोजून सांगणारं कोणी आहे का? मला तेच हवंय. जलसंपदा विभागाच्या पूररेषा असतात, निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकाम नको, हा नियम कागदावर आहे. २०२१ चं पाणी गावात कुठे कुठे लागलं त्या खुणा भिंतींवर अजून आहेत. त्या नकाशावर आणा, त्याच दिवसाच्या भरतीच्या वेळा शेजारी मांडा, मग भरावाचा वाटा किती, गाळाचा किती, भरतीचा किती हे निघेल. त्यानंतर जुटे काढा म्हणालात तर मी सही करेन.

पेठकर:
नकाशा करा, खुणा दाखवायला मी येतो. पण निळी रेषा माझ्या दुकानावरून गेली की मला उठवायला लगेच माणूस येईल, आणि भराव केंद्राच्या खात्याचा म्हणून तो तसाच राहील, ही भीती खोटी आहे का? आधी भरावाला गाळे, मग माझ्या दुकानाचं बोला.

गांधारपाले:
काका, क्रमावर आपलं जमणार नाही. मी म्हणतो, दोन्ही एकाच अर्जात मागू. आणि त्याच अर्जात तिसरं कलम उतारावरच्या वाड्यांच्या पुनर्वसनाचं घालू, तारखेसकट. बिरवाडीच्या भाऊंनी कारखान्यांच्या तपासणी अहवालाचं चौथं लिहून द्यावं. अर्जाचा मसुदा रविवारपर्यंत इथे टाकतो. ज्यांना एखादं कलम मान्य नाही त्यांनी त्याखाली विरोध लिहावा, तोही अर्जासोबत जाईल.